पाण्यात कोण उतरलं होतं?

९ नोव्हेंबर, सोमवार

धाकटा पडला.

सकाळी, दाढी करताना. धाकटीचा, म्हणजे भावाच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "दादा, हे आधी बोबडं बोलायला लागले. मला वाटलं चेष्टा करतायत. मग पडलेच!" एवढंच. गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून पळालो. ते दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर दिसलं. धाकटीलाही दिसलं. एरवी हसून हसून मेली असती. आज नुसतं बघितलं.

डोक्यात रक्त सांडलं होतं. कवटी उघडून काढलं. आता काचेपलीकडे निजवलाय, नळ्यांच्या जंजाळात. डॉक्टरीणबाई वयाने कोवळी, पण डोळे दमलेले. म्हणाली, "आमचं करून झालं. आता वाट बघायची."

कशाची, ते नाही सांगितलं.

देवा, वर ओढ त्याला. वर ओढ. वर ओढ.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आत सोडलं थोडा वेळ. डोक्याला फेटा बांधल्यासारखी पट्टी, तोंडात नळी. यंत्र छातीत हवा भरतं — फुस्स — थांबतं — फुस्स. धाकटी दचकत होती. मला तो आवाज नवा नाही. आयुष्य त्याच आवाजात गेलं माझं. फरक एवढाच, तेव्हा नळीच्या खालच्या टोकाला मी असायचो आणि वर तो.

कागदा, तुला कुठून माहीत असणार! सांगतो. सांगितल्याशिवाय आज झोपही येणार नाही.

मी बंदरातला पाणबुड्या. मोती-बिती काढणारा नव्हे. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोरखंड कापायचे, गाळात रुतलेले नांगर शोधायचे, फुटलेल्या तळाला ठिगळ लावायचं — हेच आमचे मोती. डोक्यावर पितळी टोप, पायात शिशाचे जोडे, टोपाला हवेची नळी, कमरेला दोर. आणि दोराचं दुसरं टोक धक्क्यावर धाकट्याच्या हातात. त्याचा एक कान लहानपणीच फुटला होता, पाण्याचा दाब सोसवायचा नाही. म्हणून तो वर, मी खाली. देवाने कान फोडून वाटणी केली, असं आई म्हणायची.

खाली काळोख. बंदराचं पाणी म्हणजे काळी शाई, डोळ्यापुढे धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. बोलणं नाही, ऐकणं नाही. फक्त दोर. वरून एक झटका आला की समजायचं, विचारतोय, ठीक आहेस ना? आपण एक झटका द्यायचा — ठीक. लागोपाठ तीन म्हणजे ओढ बाबा, जीव चालला.

टोपाची काच लावण्याआधी तो टोपावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हात आहे." म्हणजे दोरावर माझा हात आहे, तू जा. मी उतरायचो. रोज. कधी वाटलं नाही की नसेल हात.

आणि बेटा जागचा हलायचा नाही! ऊन असो, पाऊस असो, लघवीला लागलेली असो. मी वर आलो, टोप उतरला की पहिलं वाक्य ठरलेलं — "आलास? धर. मी जाऊन येतो." दोर माझ्या हातात कोंबून जो पळायचा गोदामामागे! सगळी टोळी हसायची. मुकादम म्हणायचा, तुझ्या भावाला एक दिवस दोरावरच फुटेल.

आज त्याची उजवी मूठ आवळलेली आहे. गच्च. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून नर्सने कापडाची गुंडाळी सरकवलीय. डॉक्टरीणबाई म्हणाली, मेंदूला मार बसला की नसा अशा आखडतात.

असेल.

११ नोव्हेंबर, बुधवार

"डोळे उघडा! ऐकू येतंय का? हात दाबा माझा!" डॉक्टरीणबाई त्याच्या चांगल्या कानाशी ओरडते. डोळे किलकिले होतात, पण बघत नाहीत. मूठ तर आवळलेलीच, आणखी काय दाबणार!

झोपेची औषधं बंद करून पाहिली. तरी नाही.

वर ओढ. दिवसभर जप चाललाय माझा. भाजी चिरताना, बसमध्ये, लिफ्टमध्ये. एक बाई म्हणाली, "काही म्हणालात का?" म्हटलं, तुम्हाला नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज धाकटीशी वाजलं. लिहायलाही लाज वाटते. आमच्यात कधी 'अरे'ला 'कारे' झालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईने दोघांना बसवून सांगितलं. सोमवारपर्यंत बघू. काही फरक पडला तर उत्तम. नाहीतर नळी काढायची की गळ्याला भोक पाडून कायमची ठेवायची, हे घरच्यांनी ठरवायचं. काढली आणि श्वास स्वतः घेतला तर घेतला. नाही घेतला, तर —

मी मध्येच म्हटलं, नळी काढायची नाही. धाकटी म्हणाली, "दादा, यांनी मला सांगून ठेवलंय. तुमचे ते मित्र तसे खाटेवर वर्षभर पडले होते, त्यांना बघून आले त्या दिवशी. म्हणाले, मला असं नळीवर टांगू नका. गळ्याची शपथ घातली."

"माणूस धडधाकट असताना शंभर गोष्टी बोलतो."

"हे शंभर गोष्टी बोलतात का? तुमचा भाऊ आहे, तुम्हाला माहीत नाही? दिवसाला चार वाक्यं, त्यातलं एक भाजीत मीठ कमी आहे."

हसू आलं असतं. पण माझं डोकं फिरलेलं. आमच्या धंद्यात एकच पाप — दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. भांडण असो, दारू प्यायलेला असो, खाली तुझा वैरी असो. नळीवर पायसुद्धा पडू द्यायचा नाही. आणि ही म्हणते काढा! मी बोललो, "चाळीस वर्षं त्याने माझी नळी सांभाळली, मी त्याची कापू?"

ती पांढरीफटक पडली. "कापू म्हणता? मला?"

मग मी देवाचं नाव काढलं. देव आहे, देव बघेल. ती उठली. "कुठून बघेल? तुमचा देव धक्क्यावर उभा आहे दादा, कोरडा ठाक. बुडतायत ते हे."

गेली. डबा विसरून गेली. तो मी घरी आणलाय. उघडवत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्यासारखा गाढव मीच.

आत बसलो होतो त्याच्याजवळ. ठेंगणी नर्स आली. चांगली पोरगी, येताजाता "आजोबा, जेवलात का" विचारते. तिने काही न सांगता तोंडाजवळची नळी यंत्रापासून सोडवली. यंत्र किंचाळायला लागलं. आणि मला काय झालं कोण जाणे! इतक्या वर्षांनी, म्हाताऱ्या गुडघ्यांनी, मी टुणकन उठलो. "नळी! नळी सुटली!" तिचा हात झटकला आणि नळी धरून स्वतःच लावायला गेलो. ताटली खाली पडली, बाटली फुटली, बाजूच्या खाटेवरची बाई ओरडायला लागली.

पोरगी त्याचा घशातला कफ ओढून घेणार होती. रोज करतात म्हणे. रोज! मी असताना पहिल्यांदाच केलं एवढंच. माझ्या घाणेरड्या हाताने धरलेली नळी फेकून दुसरी आणावी लागली, तेवढा वेळ तिने हाताने पिशवी दाबून हवा दिली. माझ्यामुळे.

तिच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. मी हात जोडले. म्हणाली, "बाहेर बसा आजोबा."

पहारेकऱ्याने दंडाला धरून नेलं. डॉक्टरीणबाईने सांगेपर्यंत आत यायचं नाही, असं ठरलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

आता तो काचेपलीकडे आणि मी काचेपाशीही नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

खालच्या मजल्यावर प्रार्थनेची खोली आहे. कुणा एका देवाची नाही, सगळ्यांची. म्हणून भिंतीवर काहीच नाही, नुसता चुना. चार खुर्च्या, प्लॅस्टिकची फुलं, नाक पुसायला कागदाचा डबा. तिथे जाऊन बसलो. दुसरीकडे बसायला कोण देतंय!

आणि काय सांगू — प्रार्थनाच होईना. 'वर ओढ' म्हणावं तर शब्द जिभेवर वाळूसारखे. मनात म्हटलं, किती दिवस झाले बोंबलतोय, एक खूण नाही तुझी? बरा आहेस ना तिथे? जेवण झालं का?

असं देवाला बोलतात का? पण बोललो. खोलीत कुणी नव्हतं.

होतं. फरशी पुसणारी. दारात बादली घेऊन उभी, सगळं ऐकत. म्हणाली, "बाबा, पाय वर करा." मी केले. पुसता पुसता म्हणते, "रोज येता. देव पाण्यात घालून बसलात वाटतं?"

म्हटलं, हो बाई.

"बघा हं, माझ्या बादलीत नका घालू. फिनेल आहे."

मी हसलो! सोमवारपासून पहिल्यांदा. बरगड्या दुखल्या. तीही हसली. मग फडकं पिळत म्हणाली, "माझी सासू घालायची पातेल्यात. म्हणायची, मूल बरं झालं की काढीन. एकदा विसरली. देवाला शेवाळ धरलं." आणि जाताना, "ओलं आहे, वाळेपर्यंत उठू नका."

घरी आलो तरी एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. देव पाण्यात. लोक बोलतात, मीही जन्मभर बोललो. पण पाण्यात कोण असतं? पाण्यात मी असायचो.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं. घाई करायची नाही.

सकाळी धाकटी वरून आली. निरोप तेवढा दिला — "तसेच आहेत" — आणि गेली. मी पुन्हा त्या खोलीत. पुन्हा वर ओढ, वर ओढ. आणि मध्येच आठवला तो आमचा पहिला मोसम. गाळाच्या गोदीत उतरलो होतो, नांगर शोधायला. गाळ मांडीपर्यंत. पाय निघेना. तसा धोका काही नव्हता, आज कळतं. पण तेव्हा घाबरलो आणि दोर ओढायला लागलो. एक, दोन, सात, दहा — मोजतंय कोण! वरून काही नाही. आणखी ओढला. काही नाही! वाटलं, हा गेला. दोर सोडून चहाला गेला. आता आपण इथेच.

शेवटी हात दमले म्हणून थांबलो. थांबलो तसा वरून एक झटका आला. शांत, सावकाश. ठीक आहेस ना?

वर आल्यावर मी त्याला आईवरून सोडून बाकी सगळ्या शिव्या दिल्या. आई दोघांची एकच, नाइलाज. तो दोराची गुंडाळी करत म्हणाला, "दादा, मी केव्हाचा विचारत होतो. तुझे तीन झटके आहेत की नुसती ओढाताण, कळेना, आणि तुझ्या ओढण्यात माझं विचारणं बुडून जात होतं. दोर ताठ होता की नाही?"

"होता."

"मग? हात होता म्हणूनच ताठ होता ना? सुटला असता तर ओढल्यावर हातात आला असता."

चार वाक्यांचा दिवसाचा कोटा त्याने तेव्हाच संपवला.

त्या रिकाम्या भिंतीसमोर बसून हे आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. सोमवारपासून मी काय करतोय? ओढतोय! एकसारखा, गचागच. उत्तर नाही म्हणून देवाला टोमणे मारतोय. आणि पाण्यात कोण आहे? मला वाटत होतं धाकटा खाली आणि मी वर, मी त्याला धरलंय, माझा हात सुटला तर तो गेला. अरे, मला दोर धरता येतो कुठे! मी जन्माचा खालचा माणूस. माझ्या हाताला दोर धरायची सवयच नाही. शुक्रवारी दाखवलंच मी.

म्हणून थांबलो. मागणं थांबवलं. काही बोललो नाही, काही आठवलं नाही. नुसता बसलो.

काय झालं? काही झालं नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. गार हवेचं यंत्र घुरघुरत होतं, बाहेर कुणी तरी फोनवर किल्ल्या कुठे ठेवल्या ते विचारत होतं. पण कमरेपाशी — कागदा, हसू नकोस — कमरेपाशी ते जुनं लागलं. दोर ताठ असतो तेव्हा लागतं तसं. ओढत नाही, टोचत नाही. फक्त कळतं की आपण सुटे नाही. चोहोकडे काळोख तसाच. धाकटा तसाच. सोमवार तसाच उद्यावर आलेला. पण त्या काळोखात मी सुटा नाही.

मग मी मनातल्या मनात एकच झटका दिला.

ठीक. इथे आहे.

आणि रडलो. चष्मा भरून गेला, टोपाच्या काचेवर आतून वाफ धरते ना, अगदी तसा. कागदाच्या डब्याचा उपयोग कळला.

उठलो तेव्हा पाठ सरळ होती. घरी येऊन जेवलो. धाकटीचा डबा घासून पालथा घातला. बऱ्याच दिवसांनी भूक नावाची वस्तू भेटली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

फरक नाही. दुपारी डॉक्टरीणबाई आमच्याशी बोलायला बसणार होती. त्याआधी धाकटी आपणहून त्या खोलीत आली. एक खुर्ची सोडून बसली. मग मीच म्हटलं, "कापू म्हणालो ते चुकलं. तोंड धुवून टाकावंसं वाटतं."

"मीही बोलले."

"ते कोरडं म्हणालीस ना? त्याच्यावर मी विचार केला. धक्क्यावरचा कोरडा नसतो गं. मी आत रबरी पोशाखात, वर येईपर्यंत ठणठणीत कोरडा. भिजायचा तो! ओला दोर हातातून गोळा करायचा, सगळं पाणी याच्या अंगावर. घरी गेलो की आई विचारायची, तुमच्यातलं पाण्यात कोण उतरलं होतं?"

ती किंचित हसली. "मला नका सांगू. ते कपडे मी धुतलेत."

मग ती हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू? रागावू नका. वर आल्यावरसुद्धा तुम्ही टोप घालूनच बसायचात का?"

"छे! वर आलं की आधी काच उघडायची. नाहीतर टोपातच गुदमरेल माणूस."

"मग कधी तरी नळी काढावीच लागते ना?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. ही बाई माझ्या भावाच्या घरात राबून म्हातारी झाली. त्याच्या दिवसातल्या चार वाक्यांतली तीन हिच्या वाट्याची. त्याने शपथ हिच्या गळ्याची घातली, माझ्या नाही.

पण मान हलवणं सोपं नव्हतं. हात खुर्चीला घट्ट. मनात म्हटलं, तू आहेस ना वर? मग मी हे म्हणतो. आणि म्हटलं — "तू ठरव. तू म्हणशील तिथे मी उभा."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा. माझाही तसाच असणार.

बुधवारी सकाळी काढायची. परत घालायची नाही.

डॉक्टरीणबाईने मला आत यायची परवानगी दिली. "पण काही हात लावायचा नाही, आजोबा." मी म्हटलं, हात खिशात घालून येतो.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या.

दाढी केली. चपला दोन्ही एकाच जोडीच्या आहेत, बघून ठेवल्या.

१८ नोव्हेंबर, बुधवार

ठेंगणी नर्सच होती. मी तिच्या मनगटाकडे बघितलं, तिने माझ्या खिशाकडे. हात खरोखरच खिशात होते.

डॉक्टरीणबाई म्हणाली, तयार? धाकटीने त्याची आवळलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. मी पायाशी उभा. त्याच्या डोक्याला पट्टी, नाहीतर थाप मारली असती. म्हणून खाटेच्या लोखंडाला हळूच मारली, आणि त्याचंच वाक्य त्याला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून — "हात आहे."

माझा नव्हे. मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक, आणि ज्याला ठाऊक असायचं त्याला.

नळी निघाली. यंत्र बंद केलं. ती फुस्स थांबली आणि खोलीत एवढी शांतता झाली की बाजूच्या बाईच्या सलाइनचे थेंब ऐकू आल्यासारखे वाटले.

छाती हलेना.

हलेना.

मी ओरडणार होतो. घाला, परत घाला ती नळी! शब्द दातांपर्यंत आले. धाकटीने डोळे मिटलेले. खिशातले माझे हात — नखं मांडीत रुतली. मनाने ओढायला सुरुवात केलीच होती, वर ओढ, वर — आणि मी थांबलो. कसा थांबलो ते मला विचारू नकोस. तो ताठ दोर कमरेला होता, एवढंच सांगतो. मी म्हटलं, हा तुझ्या हातात. इकडे किंवा तिकडे, हात तुझाच.

आणि तो खोकला! घाण, ओला, जहाजाच्या भोंग्यासारखा खोकला. छाती वर आली. खाली गेली. थांबली — आईगं! — पुन्हा वर.

नर्स म्हणाली, "घेतायत! स्वतः घेतायत!" डॉक्टरीणबाईने हात वर केला. घाई नको, पुढचा दिवस महत्त्वाचा, बरेच जण थोडा वेळ घेतात आणि मग दमतात.

बरोबर आहे तिचं. तरी ती पण डोळे पुसत होती. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

श्वास घेतोय. घरघर आहे. मधेच अडकतो, आम्ही दोघेही आपापला अडकवून बसतो, तो सोडतो तेव्हा सोडतो. डोळे मिटलेले. मूठ तशीच.

धाकटी आज माझ्याबरोबर खालच्या खोलीत आली. म्हणाली, "मला काही येत नाही हो म्हणायला." म्हटलं, काही म्हणायचं नसतं. ती बसली. थोड्या वेळाने घोरायला लागली! इतक्या दिवसांत पहिली झोप बाईची. फरशी पुसणारी आली, बघितलं, बादली उचलून पाय न वाजवता निघून गेली.

तो राहील की जाईल, मला माहीत नाही. हे वाक्य मागच्या सोमवारी लिहिता आलं नसतं. आज लिहिलं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

ताप चढलाय. डॉक्टरीणबाईने औषध बदललं.

ठीक. इथे आहे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ताप सकाळी उतरला. धाकटी त्याचे ओठ ओले करत होती. मी पायाशी. त्याने डोळे उघडले. या वेळी ते फिरले — छतावरून तिच्यावर, तिच्यावरून माझ्यावर. थांबले. बघितलं मला. ओठ हलले. मी वाकून कान लावला.

आवाज फाटका, पण त्याचाच.

"दादा... वर आलास?"

म्हटलं, "आलो रे."

"किती वेळ लावलास."

मग ती मूठ उघडली. एकेक बोट करत. कापडाची गुंडाळी त्याने माझ्या हातात कोंबली.

"धर. मी जाऊन येतो."